बांबूच्या ब्रशआधी गीझरकडे बघा

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला एका मोठ्या सोसायटीत राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. मी बँकेत नोकरी करते. मुलीनं शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प केला आणि तेव्हापासून घरात सगळं बदलायचं तिच्या मनानं घेतलं. मलाही ते पटलं. बांबूचे टूथब्रश आणले, स्टीलचे स्ट्रॉ, कापडी पिशव्यांचा संच, काचेच्या बरण्या, खताचा डबा असं बरंच काही आणलं. चार-पाच हजार रुपये गेले. आता खताच्या डब्याला इतका वास येतो की बाल्कनीचं दार उघडवत नाही. मुलगी आजीला म्हणाली, 'तू प्लॅस्टिक वापरतेस म्हणून पृथ्वी खराब होतेय.' सासूबाईंना ते फार लागलं. यजमान सोसायटीच्या कमिटीत आहेत. ते म्हणतात, 'आपल्या एकट्यानं काय होतंय? शेजारचे दिवसभर एसी लावून बसतात.' आणि या सगळ्याचं काम, म्हणजे पिशव्या धुणं, कचरा निवडणं, डबा हलवणं, माझ्यावरच येऊन पडलंय. खरंच फरक पडेल असं काय करावं? आणि ते माझ्या एकटीच्या डोक्यावर न बसता कसं करावं?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. ज्या घरात पर्यावरणाचं सगळं काम एकट्या बाईवर पडतं, त्या घरात ते वर्षभरही टिकत नाही. ती थकते, मग डबा कोपऱ्यात जातो आणि सगळे म्हणतात, 'बघ, जमत नाही ना.' त्यामुळे खाली मी जे जे सांगणार आहे, त्यातलं प्रत्येक काम कोणाचं, हेही सोबत सांगेन. तुमच्या वाट्याला त्यात कमीत कमी आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, आता नवीन काही विकत आणू नका. आणलेले ब्रश वापरा, बरण्या वापरा, पण यापुढे 'इको' असं लिहिलेली वस्तू घरात येण्याआधी जुनी वस्तू खरोखर निकामी झालीय का, एवढं बघा. सासूबाईंचे प्लॅस्टिकचे डबे धडके असतील तर ते फेकून काचेचे आणण्यात काहीच हशील नाही. डबा बनताना जे तेल, जी वीज खर्च व्हायची ती होऊन गेली. तो अजून दहा वर्षं वापरणं हाच त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे. कोरड्या धान्याला, डाळींना ते चालतात, फक्त गरम आणि तेलकट पदार्थ त्यांत ठेवू नका. कापडी पिशवीचंही तेच. कापूस पिकवायला, सूत रंगवायला भरपूर पाणी लागतं, म्हणून ती शेकडो वेळा बाजारात गेली तरच तिचा अर्थ. संच आणायची गरज नव्हती, जुन्या साडीच्या किंवा पायजम्याच्या दोन पिशव्या पुरल्या असत्या. असो, आता आल्यात तर त्या फाटेपर्यंत वापरा.

मुलीची कळकळ खरी आहे, तिला मी बोल लावत नाही. पण तिला आणि तुम्हाला एक हिशेब दाखवायला हवा. तुम्ही पाच जण वर्षाला प्रत्येकी चार ब्रश वापरता असं धरलं, तर वीस ब्रश होतात. त्यांचं प्लॅस्टिक सगळं मिळून जेमतेम तीन-चारशे ग्रॅम. आता गीझर बघा. घरातला साधा गीझर दोन हजार वॉटचा असतो. पाच जणांच्या आंघोळींसाठी तो रोज तासभर तापत असेल, तर दिवसाला दोन युनिटं, वर्षाला सातशेच्या वर. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशावर होत असल्यानं एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकट्या गीझरचे वर्षाला पाचशे किलो. वीस ब्रश एका बाजूला आणि हे अर्धा टन दुसऱ्या बाजूला. ब्रश डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, म्हणून आपलं लक्ष तिकडे जातं. गीझरचा धूर मात्र चंद्रपूरला निघतो. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याची राख आणि धूर तिथली माणसं सोसतात. पुण्यात आपल्याला फक्त गरम पाणी दिसतं.

म्हणून या रविवारी गेल्या बारा महिन्यांची लाइट बिलं काढा. महावितरणच्या अ‍ॅपवर ती मिळतात. रुपये बघू नका, युनिटं बघा. हे काम मुलीला द्या. तिला वहीत महिन्यांचा तक्ता करू द्या आणि रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहायला सांगा. हिवाळ्यात आकडा का चढला, एप्रिल-मेमध्ये का चढला, हे ती स्वतःच शोधून काढेल. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांनंतर एकदम चढतो, जवळपास दुप्पट होतो. तेव्हा वरची तीस-चाळीस युनिटं वाचली की बिलात ते लगेच दिसतं. यजमानांना पटवायला हा तक्ता माझ्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गीझरचं काय करायचं? तुमची सोसायटी मोठी आहे, म्हणजे गच्चीवर सोलरचं पाणी तापवायची यंत्रणा बहुधा असणार. पुण्यातल्या बऱ्याच इमारतींवर ती असते आणि बऱ्याच ठिकाणी ती क्षार साठून किंवा नळ्या फुटून बंद पडलेली असते. कारण गीझर आहेतच, मग कोण लक्ष देतो! ती चालू असेल तर सकाळी आधी येणारं गार पाणी बादलीत धरा, ते कपड्यांना किंवा फरशीला वापरा, आणि मागून येणाऱ्या गरम पाण्यानं आंघोळी उरका. बंद असेल तर दुरुस्तीचा विषय यजमानांनी कमिटीत मांडायचा. तोपर्यंत गीझरचा काटा कमी करून ठेवा. उकळतं पाणी काढून त्यात बादलीभर गार मिसळायचं, यात काही अर्थ नाही. आंघोळी एकापाठोपाठ एक उरकल्या की तापलेलं पाणी मधल्या वेळात गार होत नाही. आणि शॉवरपेक्षा बादली बरी. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो, बादलीत पंधरा-वीस लिटरमध्ये सगळं भागतं. बादलीच्या आंघोळीबद्दल सासूबाईंचं काही म्हणणं असणार नाही, मुलांचं असेल. त्यांना आठवड्यातला एक दिवस शॉवरचा ठरवून द्या.

शेजारच्यांच्या एसीबद्दल आपण काही करू शकत नाही. तुमच्याकडे असेल तर तो २४ ते २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. एसीचा आकडा एका अंशानं वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं आहे. पंख्यांमध्येही फरक असतो. जुना पंखा पाऊणशे वॉट घेतो, बीएलडीसी नावाचा नवा पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास फिरणाऱ्या हॉलच्या पंख्यात महिन्याला सोळा युनिटं वाचतात. पण चालू पंखे एका दिवसात काढून टाकू नका. जो बिघडेल त्याच्या जागी नवा, आणि फार तर हॉलचा आधी.

आता वासाचा डबा. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरं इथंच हरतात आणि ते अगदी टाळता येण्यासारखं आहे.

वास येतो तो कचऱ्यामुळे नाही, ओलाव्यामुळे. भाजीची देठं, फळांची सालं यांत पाणीच पाणी असतं. ती डब्यात नुसती साचली की खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय ती सडायला लागतात. त्यांना हवेत कुजू द्यायचं असेल तर सोबत कोरडं काहीतरी हवं : वाळलेला पाला, कोकोपीट, लाकडाचा भुसा, फाडलेला खोक्याचा पुठ्ठा. वाटीभर ओल्याला दोन वाट्या कोरडं, हे माप डोळ्यांसमोर ठेवा. डब्याला बाजूनं आणि तळाला भोकं हवीत. दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करायचं. दह्याला विरजण लागतं तसं सुरुवातीला मूठ-दोन मूठ तयार खत टाकलं की काम लवकर धरतं, ते कुठल्याही रोपवाटिकेत मिळेल. मूठभर घेऊन दाबून बघा. थेंब गळले तर ओलं फार झालंय, पाला घाला. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, थोडं पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. करड्या अळ्या झाल्या तरी त्या काम करणाऱ्याच असतात. नको वाटत असतील तर कोरडं वाढवा, कमी होतील. पहिले दोन महिने शिजवलेलं अन्न, दही, तेलकट आमटी आणि मासे-मटणाचे अवशेष आत टाकू नका. दोन-तीन महिन्यांत तळाशी काळसर, पावसाच्या मातीसारखा वास येणारा भुगा मिळतो.

आत्ताचा सडलेला डबा वर्तमानपत्रावर ओता, पाणी निथळू द्या, दुप्पट कोरडा पाला मिसळा आणि परत भरा. चार-पाच दिवसांत वास जाईल. पाला कुठून आणायचा? सोसायटीत पानगळीच्या दिवसांत झाडून ढीग लावतात आणि ते पोत्यांत भरून कचऱ्यात देतात किंवा एका कोपऱ्यात जाळतात. जाळणं तर थांबवाच, तो धूर सगळ्यांच्या खिडक्यांतून आत येतो. त्यातली दोन पोती बाल्कनीत आणून ठेवा, वर्षभर पुरतील. पोती आणणं आणि डबा हलवणं हे काम यजमानांचं. तिसरीतल्या मुलालाही यात मजा येईल, त्याला अळ्या बघायला आवडतील.

हे सगळं एवढ्या आग्रहानं सांगतेय, त्याला कारण आहे. पुण्याचा कचरा कितीतरी वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात नेऊन टाकला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. मुंबईत देवनारचं मैदान १९२७ पासून कचरा घेतंय. २०१६ च्या जानेवारीत तिथं आग लागली आणि धुरानं आसपासच्या वस्त्यांचा श्वास कोंडला. अशा डोंगरात आग लागते ती मुख्यतः आपल्या ओल्या कचऱ्यामुळे. दाबला गेलेला ओला कचरा हवेशिवाय सडतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. पेटला नाही तरी हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तुमच्या घरची भाजीची देठं अशा डोंगरात जायची की गुलाबाच्या कुंडीत, हे तुमच्या बाल्कनीत ठरतं.

आणि डबा जमलाच नाही, तर? तर नाही. वाईट वाटून घेऊ नका. ओला आणि सुका कचरा नीट वेगळा देणं, एवढं केलंत तरी निम्म्याहून जास्त काम झालं. ते २०१६ च्या नियमांपासून प्रत्येक घराला बंधनकारकही आहे. पण मी नियमासाठी सांगत नाही. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बहुतांश ताई 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, यावर त्यांचं घर चालतं. आमटीत भिजलेला कागद विकला जात नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवून दिली तर तिचे पैसे होतात. आणि सॅनिटरी पॅड, डायपर उघडे टाकले तर ते कोणाच्या तरी हाताला लागतात. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, म्हणजे पुडीत काय आहे ते न उघडता कळतं. हे मुलीला जरूर समजावून सांगा. तिची पृथ्वीची काळजी दारात येणाऱ्या या ताईंपासून सुरू झाली तर बरं होईल. तिला त्यांचं नाव विचारू दे, कुठला माल विकला जातो आणि कुठला नाही तेही त्यांच्याकडूनच शिकू दे. त्यांच्याएवढं प्लॅस्टिकमधलं शहरात कोणाला कळत नाही.

स्वयंपाकघराची जबाबदारी मी सासूबाईंना देईन. समजूत घालायची म्हणून नव्हे, त्यांना ते खरंच येतं म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. पाच माणसांच्या घराला हा हिशेब लावला तर दोनशे सत्तर-ऐंशी किलो होतात. त्यात नुसतं अन्न जात नाही, ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल आणि शिजवायला लागलेला गॅसही जातो. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचा वाटणात उपयोग, उरलेल्या वरणात कणीक मळून केलेली थालीपिठं, हे सगळं त्यांच्या हातातलं आहे. आठवड्यातला एक दिवस नवी भाजी न करता फ्रीज रिकामा करायचा, असं त्यांनाच ठरवू द्या. त्या दिवशी काय करायचं तेही त्याच सांगतील आणि मुलं कुरकुरली तर त्यांनाच उत्तर देतील.

डाळ आणि कडधान्यं भिजवून मग कुकरला लावणं, शिट्टी आली की आच बारीक करणं, हेही त्या बहुधा करतच असतील. आठवड्यातून तीन-चार दिवस भाताच्या जागी ज्वारीची भाकरी आली तर चांगलंच, ज्वारी भातापेक्षा कितीतरी कमी पाण्यावर येते. श्रावणात टाकळा, कुर्डू, करटुली बाजारात येतात, त्या आणा. या भाज्यांना ना कोणी पाणी देतं, ना कोणी फवारणी करतं. भाजी मंडईतून किंवा दारावरच्या भाजीवालीकडून आपल्या पिशवीत घेतली की दहा मिनिटांत घरी येणाऱ्या पुड्यांचं प्लॅस्टिक आपोआप थांबतं.

मात्र जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही आणि सासूबाईंनाही ते मोकळेपणानं सांगा. धान्यात पारदाच्या गोळ्या ठेवायची सवय असेल तर ती सोडा. त्यात पारा असतो आणि तो खाण्याच्या वस्तूंजवळ नको. गहू-तांदूळ कडक उन्हं देऊन कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून ठेवा, तूरडाळीला एरंडेल चोळा. बोहारणीला साड्या देऊन भांडी घेणं, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बनियनची फडकी, या गोष्टी मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारख्या आहेत. मुलीला एखादं बटण लावायला, उसवलेली शिवण घालायला त्यांनी शिकवलं, तर 'पृथ्वी खराब होते' या वाक्याची जखमही भरून येईल. पण त्याआधी मुलीनं आजीची माफी मागायला हवी. आजीच्या आयुष्याचा कचरा तिच्या शाळेच्या दप्तराएवढाही नसेल, हे तिला कळायला हवं.

पाण्याबद्दल एकच मुद्दा. तुमच्याकडे आरओ यंत्र आहे का? त्यातून एक लिटर पिण्याचं पाणी काढताना साधारण दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे वाया जातं. आरओ हे क्षार काढण्यासाठी असतं. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर भारतीय मानकाप्रमाणे ते पाणी त्या बाबतीत ठीक मानलं जातं, आणि खडकवासल्याचं नळाला येणारं पाणी सहसा त्याच्या कितीतरी खाली असतं. अशा पाण्याला अतिनील किरणांचं यंत्र किंवा गाळून उकळणं पुरतं. पण सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अंदाजानं ठरवू नका. टीडीएस, म्हणजे हे विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं उपकरण काही शे रुपयांत मिळतं, ते चार घरांत मिळून एक घ्या आणि पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा मोजा. आरओ ठेवावंच लागलं तर वाया जाणारं पाणी बादलीत घेऊन फरशी पुसायला वापरा, झाडांना मात्र रोज तेच घालू नका, मातीत क्षार साठतात.

मुलं शाळेत कशी जातात ते तुम्ही लिहिलेलं नाही. यजमान गाडीनं सोडत असतील आणि शाळा चार किलोमीटरवर असेल, तर सोडणं-परतणं, आणणं-परतणं असे दिवसाचे सोळा किलोमीटर होतात. शाळेचे दोनशे दिवस धरले आणि शहरात गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असेल, तर वर्षाला अडीचशे लिटरहून जास्त पेट्रोल लागतं. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर हा आकडा सहाशे किलोच्या घरात जातो, म्हणजे गीझरपेक्षाही जास्त. शाळेची बस, रिक्षावाले काका, किंवा त्याच शाळेत जाणाऱ्या सोसायटीतल्या आणखी दोन घरांबरोबर आळीपाळीनं सोडणं, यातलं काहीही केलं तरी हा आकडा झटकन उतरतो. सिंहगड रस्त्याची सकाळची गर्दी तुम्हाला मी काय सांगावी. हेही काम यजमानांचं.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. 'आपल्या एकट्यानं काय होतंय?' हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. एका घरानं हवामान सुधारत नाही, हे खरंच आहे. पण ते एकटे नाहीत, ते कमिटीत आहेत! घरातल्या पाच जणांना मिळून जे करता येणार नाही ते त्यांना एका बैठकीत करता येतं. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांची वीज सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान ठेवलं आहे. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. वीस किलोवॉट बसवले तर दिवसाला ऐंशी युनिटं होतात. त्यापुढे तुमच्या घरचा गीझर फारच लहान. सावली कुठं पडते, टाक्या कुठं आहेत, हे बघून दोन-तीन ठिकाणांहून दर मागवायचे आणि सभेत ठेवायचे. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत प्रकल्प असणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, मात्र यंत्रणा चालू असली पाहिजे. सभेत हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा, माणसं ऐकतात. सोसायटीच्या मागे ओल्या कचऱ्याचे हौद बांधलेले असतील आणि त्यांत तुटक्या खुर्च्या पडल्या असतील, तर तेही याच यादीत घ्या.

हे एका महिन्यात होणार नाही. सोसायटीच्या सभेत 'नंतर बघू' म्हणणारे असतातच. वर्ष लागेल, दोन लागतील. तोपर्यंत घरात एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या. या महिन्यात खताचा डबा आणि मीटरची वही, बाकी काही नाही. डबा यजमान आणि मुलाचा, वही मुलीची, स्वयंपाकघर सासूबाईंचं. तुम्ही पहिला महिना फक्त बघा. एखाद्या दिवशी डबा हलवायचा राहिला तर तो तसाच राहू द्या, तुम्ही उठून हलवू नका. ज्याचं काम त्यालाच वास येऊ द्या.

डब्याचं मात्र मला पुन्हा कळवा. तो किती लिटरचा आहे, भोकं आहेत का आणि तुमच्या बाल्कनीत पाऊस आत येतो का, एवढं लिहा. पावसाळ्यात पाला कोरडा ठेवणं ही वेगळी अडचण असते, तिचा उपाय जागा कळल्यावरच नीट सांगता येईल.